हत्ती भायखळ्याला कसा पोहोचला?

मित्रहो, ‘मुंबईतील संग्रहालये कशी पाहावीत’ असा विषय मला देण्यात आला आहे. पाहण्याची एकच योग्य रीत असते असे मी मानत नाही. पण न पाहण्याची एक रीत मला चांगली माहीत आहे, कारण तिचा अनुभव मी सातवीत असताना घेतला. आमच्या शाळेची सहल एका दिवसात राणीची बाग, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, तारापोरवाला मत्स्यालय आणि गेटवे एवढे सारे उरकून परतली. दोघादोघांच्या रांगेत हात धरून आम्ही चाललो होतो, आणि मागून ‘चला, चला, पुढे सरका’ हा एकच घोष चालू होता. त्या दिवसातले आज माझ्या लक्षात आहेत ते फक्त डब्यातले बटाट्याचे परतलेले काप.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी एकटा जाऊ लागलो तेव्हा मला एक साधी युक्ती सापडली. वस्तूसमोर उभे राहिल्यावर ती किती जुनी, किती मौल्यवान, हे आपण पाटीवर वाचतो. त्याऐवजी मी आधी विचारू लागलो की ही वस्तू इथे कशी आली? मुंबईसारख्या शहरात, जिथे बहुतेक माणसेच कुठून ना कुठून आलेली आहेत, तिथे हा प्रश्न वस्तूंनाही शोभतो.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, एक दगडी हत्ती उभा आहे. शाळेच्या सहलीत आम्ही त्याच्या शेजारून गेलो असणार, पण आमचे सारे लक्ष पिंजऱ्यातल्या खऱ्या प्राण्यांकडे होते. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीज त्या बेटावर उतरले तेव्हा धक्क्याजवळ त्यांना तो दिसला, आणि त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे जगभर ज्या नावाने ते बेट ओळखले जाते, त्या नावाचा धनी आज त्या बेटावर नाही. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारीने दगा दिला, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. फुटका हत्ती विलायतेला पाठवून काय करायचे, म्हणून ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आणून टाकले गेले. तिथे ते जवळजवळ अर्धशतक तसेच पडून राहिले, आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. आपण जवळ गेलात तर अंगावरचे सांधे नीट पाहा. कुशल हातांनी केलेली जोडणी असली तरी ती लपत नाही, आणि माझ्या मते त्या हत्तीचा सर्वांत बोलका भाग तोच आहे. यारी मोडली नसती, तर आज लंडनमधल्या एखाद्या दालनात काचेआडून आपण त्याचे दर्शन घेतले असते, तेही व्हिसा काढून.

ज्या वास्तूच्या बाहेर हा हत्ती उभा आहे, तिचा संग्रहही असाच धक्के खात जमला. युरोपातल्या मोठ्या प्रदर्शनांसाठी इथल्या कारागिरीचे नमुने गोळा होऊ लागले, त्यांतून मुंबईत संग्रहालयाची कल्पना रुजली आणि किल्ल्यातल्या टाउन बराकीत वस्तू मांडल्या गेल्या. १८५७ च्या उठावात बराक रिकामी करण्याचा हुकूम आला, संग्रह टाउन हॉलमध्ये हलवावा लागला आणि त्या धावपळीत बऱ्याच वस्तू नष्ट झाल्या. भायखळ्याच्या इमारतीची पायाभरणी १८६२ मध्ये झाली आणि २ मे १८७२ रोजी ती लोकांना खुली झाली. नाव अर्थात ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट’. या कामामागे जॉर्ज बर्डवुड या इंग्रज डॉक्टरांबरोबर जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड ही माणसे होती. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक, आणि फावल्या वेळात अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे. त्यांचे नाव संग्रहालयाला मिळायला १९७५ साल उजाडले. आत शिरल्यावर हिरवट-सोनेरी रंगाचे लोखंडी खांब आणि वरचे छत पाहून सगळेच माना वर करतात, ते स्वाभाविकच आहे. पण वरच्या मजल्यावरची मातीची छोटी माणसे चुकवू नका. निरनिराळ्या जातीजमातींचे, धंद्यांचे हे पुतळे साहेबाच्या नजरेने घडवलेले आहेत, माणसांचे नमुने मांडावेत तसे. तरीही पगडीची घडी, धोतराचा काचा आणि हातातले अवजार घडवणाऱ्या इथल्या कारागिराची बोटे त्यांत दिसतातच.

आवारातच आणखी काही विस्थापित आहेत. दक्षिण मुंबईतल्या एका चौकाला ज्याच्यामुळे ‘काळा घोडा’ हे नाव पडले, तो घोडा, स्वार सातव्या एडवर्डसह, १९६५ पासून इथे आहे. आल्बर्ट ससून यांनी दिलेला हा पुतळा १८७९ मध्ये बसवला गेला होता. घोडा गेला, नाव मात्र राहिले, आणि २०१७ मध्ये त्याच परिसरात बिनस्वाराचा नवा घोडा उभा राहिला. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही भायखळ्यालाच आहे. तो बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिला होता, आणि पुढे १८९६ मध्ये चाफेकर बंधूंनी त्याला डांबर फासले होते. एका मराठी संस्थानिकाने दिलेला पुतळा आणि पंचवीस वर्षांच्या आत दोन मराठी तरुणांनी त्याला फासलेले डांबर, हे दोन्ही एकाच दगडावर घडले आहे. मला तरी असे दुसरे उदाहरण आठवत नाही.

आता दक्षिणेकडे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आमच्या सहलीतल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये. त्याचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट, म्हणजे गेटवेचेच. १९०५ मध्ये कोनशिला बसली, इमारत १९१४ पर्यंत बांधून झाली, आणि महायुद्ध सुरू झाल्याने संग्रहालयाचे आधी लष्करी रुग्णालय झाले. प्रेक्षकांना प्रवेश मिळाला तो जानेवारी १९२२ मध्ये. घुमटाखालच्या दालनात लाकडी कमानी आहेत, त्या नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून आणून विटेटनी इमारतीत बसवल्या. लोक त्यांच्याखालून सरळ पुढे निघून जातात, कारण तिथे आपण वस्तू पाहायला आलेलो असतो, इमारत नव्हे.

या संग्रहालयात मला सर्वाधिक विचारात पाडणारी वस्तू मुळात अस्सलच नाही. परळला १९३१ मध्ये रस्त्याचे काम चालू असताना एक प्रचंड शिल्प सापडले. ते साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले मानले जाते. मधोमध उभा शिव, त्याच्या खांद्यांमागून वर निघालेला दुसरा, त्याच्याही वर तिसरा, आणि दोन्ही बाजूंना फांद्या फुटाव्यात तशा झुकलेल्या आणखी आकृती. पायांशी वाद्ये घेतलेले गण. अशी सात रूपे एकाच दगडातून वर चढत जातात. संग्रहालयात आहे ती त्याची प्लास्टरमधली प्रतिकृती. मूळ शिल्प परळमध्येच, बारादेवीच्या देवळात आहे. लोक त्याची पूजा करू लागले, आणि ते तिथेच राहिले. एवढ्या हलवाहलवीच्या शहरात न हललेला हा एक दगड.

म्हणून माझी सूचना अशी की एका दिवसात चार ठिकाणे करू नयेत. बुधवार टाळून सकाळी भायखळ्याला उतरावे, कारण त्या दिवशी ते संग्रहालय बंद असते. हत्तीपाशी आणि वरच्या मजल्यावर मिळून दोन तास काढावेत आणि परत फिरावे. दुसऱ्या दिवशी परळची ती प्रतिकृती पाहावी आणि मग परळला जावे. संग्रहालयात तुम्ही हवे तितक्या जवळ जाऊन गणांची वाद्ये निरखू शकता, चष्मा पुसून पुन्हा पाहू शकता, कोणी हटकत नाही. देवळात मी गेलो तेव्हा चपला बाहेर काढाव्या लागल्या, शिल्पाला झेंडूचा ताजा हार घातलेला होता, आणि ज्या खालच्या गणांसाठी मी एवढ्या लांब गेलो होतो, ते नेमके त्या हाराखाली झाकले गेले होते.