अंगावरून जाणं, अंगावर काढणं

(पडद्यावर: भिंतीवरचं कालनिर्णय. तारखांभोवती लाल पेनाचे गोल.)

ही आमची हडपसरची खोली. तिघी राहतो, कालनिर्णय एकच, म्हणून प्रत्येकीचा पेन वेगळा. माझा लाल. जूनचं पान बघा. 4 तारखेला पहिला गोल आहे, आणि तिथून 22 पर्यंत एकही तारीख मोकळी नाही.

19 दिवस.

पॅकिंगच्या लाइनवर आठ तास उभं राहायचं, मधल्या सुट्टीत डब्याऐवजी पॅड बदलायला पळायचं. जिना चढताना कानात ठोके पडायचे. डब्यातले कच्चे तांदूळ मुठीनं खावेसे वाटायचे, आणि मी खातही होते. पाळी आठ दिवसांच्या पुढे गेली की डॉक्टरला दाखवावं, हे मी मोबाइलवर कितीदा तरी वाचलं होतं. तरी गेले नाही.

फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ नको बाई दवाखान्यात. पिशवी काढाय सांगतेल." पिशवी म्हणजे गर्भाशय.

(पडद्यावर: उसाचा फड, पहाटेचा अंधार, बैलगाडीत रचलेल्या मोळ्या.)

आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूरकडे. आईवडील ऊसतोड कामगार. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायचे आणि दिवाळीनंतर कारखान्यावर जायचं. कामावर एक दिवस गेलं नाही की खाडा, म्हणजे उलटा दंड. पाळीत खाडा परवडत नाही, आणि फडात ना आडोसा, ना पाणी.

मी सहा वर्षांची होते तेव्हा आईच्या अंगावरून सारखं जायचं. ती भाजलेली माती खायची, मला आठवतं. एका खासगी डॉक्टरनं सांगितलं, "पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल." आई 27 वर्षांची होती. ऑपरेशनचे पैसे उचलीतून आले, म्हणजे पुढचा हंगाम आधीच विकला गेला. पिशवी गेली, रक्त थांबलं. मग अंगातून वाफा निघू लागल्या, कंबर धरली, हाडं दुखायला लागली. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं असेल तर पाळी जाण्याचं वय त्याच दिवशी येतं. अंडाशय ठेवलं तरी ते बऱ्याच जणींना लवकर येतं. आईचं अंडाशय ठेवलं होतं की काढलं, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

2019 मध्ये बीडमधल्या या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही विनाकारण होणाऱ्या या शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. या 13,861 मध्ये माझी आई, माझी मोठी मावशी आणि आमच्या गल्लीतल्या किती जणी असतील, मी मोजलेलं नाही.

म्हणून माझ्या डोक्यात दवाखाना आणि कोयता एकाच जागी ठेवलेले होते.

(पडद्यावर: केस पेपरची खिडकी. रांग.)

15 व्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेले. केस पेपर काढला, बाकावर बसले. माझ्यापुढे सहा जणी. हाताला घाम, पोटात कालवाकालव. आतून कुणाचा तरी आवाज आला, "लग्न झालंय का?" मी उठले आणि सरळ बसस्टॉपवर आले. तो घडी घातलेला केस पेपर अजून माझ्या पर्समध्ये आहे.

चार दिवसांनी लाइनवर डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली बसले. रूममेटनं संध्याकाळी एक कागद पुढे केला. म्हणाली, "तुला बोलायला जमत नाही ना? मग लिही. मी सोबत येते."

तो कागद हा. कधी सुरू झालं. दिवसाला किती पॅड. रात्री उठून बदलावं लागतं का. रक्ताच्या गाठी पडतात का, त्यापुढे मी लिहिलंय, 'सुपारीएवढ्या.' कोणत्या गोळ्या चालू आहेत. आणि सगळ्यात खाली, दोनदा गिरवून: 'मला पिशवी काढायची भीती वाटते.'

डॉक्टर मॅडमनी कागद शेवटपर्यंत वाचला. त्या ओळीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "26 व्या वर्षी पिशवी काढायचा विषयच नाही. आधी कारण शोधू."

मी तिथेच रडले. त्यांनी रडू दिलं.

(पडद्यावर: सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाण्याची बाटली.)

आधी लघवीची तपासणी, गर्भ राहिलाय का ते बघायला. लग्न झालेलं असो-नसो, ही तपासणी करतातच, कारण गर्भपात होत असला किंवा गर्भ पिशवीबाहेर नळीत राहिला असला तरी असंच रक्त जातं, आणि नळीतला गर्भ जिवावर बेततो. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्त गोठण्यात काही दोष आहे का ते. मग सोनोग्राफी. लिटरभर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची, पोटावर गार जेल, बस्स. आतून तपासायची गरज वाटली तर आधी विचारीन, आणि तुम्ही नाही म्हणालात तर नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. हे एक वाक्य त्या बाकावर बसलेल्या मला आधी कुणी ऐकवलं असतं, तर मी बसस्टॉपवर पळाले नसते.

सोनोग्राफीत पिशवी नीट. फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतली गाठ, नाही. पॉलिप, म्हणजे अस्तराला आलेला कोंब, तोही नाही. हिमोग्लोबिन मात्र 7.8. बाईचं 12 च्या खाली गेलं की रक्त कमी, असं धरतात. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायका या रेषेखाली आहेत, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही. आणि थायरॉइडचा आकडा, टीएसएच, जो साधारण 5 च्या आत हवा, तो माझा 38. गळ्यातली ती छोटी ग्रंथी मंदावली होती, त्यामुळे बीज वेळेवर सुटत नव्हतं. बीज सुटलं नाही की पिशवीचं अस्तर वाढत राहतं आणि मग वेडंवाकडं, दिवसेंदिवस गळत राहतं. दोष गळ्यात होता आणि भीती पिशवीची.

रक्त आवरायला ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या. 21 दिवस हार्मोनच्या. त्या संपल्यावर चार-पाच दिवसांत पुन्हा पाळी येईल, घाबरू नका, हेही सांगितलं होतं. आली तेव्हा मी घाबरलेच, पण मॅडमनी लिहून दिलेला कागद काढून वाचला आणि शांत झाले. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, चहा अर्ध्या-एक तासानं. लोहाची गोळी लिंबू पाण्याबरोबर, चहाबरोबर कधीच नाही. शौचाला काळी होते, ते लोहानं.

मॅडमनी कागदाच्या मागं त्यांच्या अक्षरात लिहून दिलंय: तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, किंवा चक्कर येतेय, किंवा गर्भ असण्याची शक्यता आहे, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच यायचं. पंचेचाळिशीनंतर अशी पाळी लांबली तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासतात. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर कधीही नुसता डाग दिसला तरी दाखवायचं. पिशवीत गाठी असल्या, अस्तर जाड असलं, तरी गोळ्या असतात, पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन असतं, नुसती गाठ काढता येते. पिशवी काढायची वेळ काही जणींवर खरंच येते, पण या सगळ्यानंतर, आणि बाईला नीट समजावून.

(पडद्यावर: ऑक्टोबरचं पान. पाच लाल गोल.)

कोयता बांधायच्या आधी आई पुण्याला आली. मी माझी फाइल तिच्यापुढे ठेवली. तिला वाचता येत नाही, तिनं सोनोग्राफीचा फोटो हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली.

"ही तुझी पिशवी?"

"हो."

"हाय ना जागेवर?"

"आहे."

मग तिनं तिच्या पिशवीतून एक कॅरीबॅग काढली. आत 20 वर्षांपूर्वीचे कागद, घड्यांवर फाटलेले. कंबर आणि हाडं दाखवायची होती तिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच रांगेत होतो. खिडकीतल्या माणसानं वय विचारलं. आईनं माझ्याकडे बघितलं.

"47," मी म्हणाले. "आणि पिशवी काढलीय, तेही लिहा."