हिरवा, तांबडा, पांढरा

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीत लहानशा गावालाही स्वतःचं मानचिन्ह असतं. ढालीच्या आकारात कुठे सिंह, कुठे गिरणीचं चाक, कुठे जुन्या बिशपची खूण. अशी ढाल वाचायची तर गावाचा इतिहास आधी ठाऊक असावा लागतो. आज ज्या ढालीविषयी बोलणार आहे, ती मात्र बोटीतून उतरणारं पोरही वाचू शकेल. तिच्यावर चित्रच नाही. आडवे तीन पट्टे आहेत: वर हिरवा, मध्ये तांबडा, खाली पांढरा. गावाचं नाव हेल्गोलांट. उत्तर समुद्रात, जर्मनीच्या किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरचं हे बेट. वस्ती जेमतेम १,३०० माणसांची.

ढालीचा अर्थ तिथे पोराटोरांच्या तोंडी असतो:

ग्रून इस्ट दास लांट, रोट इस्ट दी कांट, वाइस इस्ट डेअर झांट, दास झिंट दी फार्बेन फॉन हेल्गोलांट.

म्हणजे जमीन हिरवी, काठ तांबडा, वाळू पांढरी, हेच हेल्गोलांटचे रंग. त्यातला 'कांट' हा शब्द आपल्या कानाला 'काठ' असाच ऐकू येतो, आणि अर्थही तोच! मला ही ओळ फार आवडते.

बोट जवळ येते तसं हे गाणं समोर उभं राहतं. माथ्यावर गवताचं पठार, खाली सरळ तुटलेला तांबड्या वालुकाश्माचा कडा, आणि पलीकडे ड्यून नावाच्या धाकट्या बेटावरची पांढरी वाळू. मानचिन्हांच्या शास्त्रात पांढरा म्हणजे चांदी. रंगाला रंग लावू नये, मध्ये सोनं किंवा चांदी असावी, असा एक जुना दंडकही आहे. पट्ट्यांच्या ढालीला तो फारसा लागत नाही, आणि ते बरंच झालं, कारण तिथल्या कड्यावर गवत जिथे संपतं तिथेच तांबडा खडक सुरू होतो.

पण श्रोतेहो, हे रंग वाटतात तितके निवांत नाहीत. पांढऱ्याचंच बघा. एके काळी तिथे नुसती वाळू नव्हती, पांढरा खडकही होता. चुन्यासाठी आणि जिप्समसाठी माणसांनी तो पिढ्यान्‌पिढ्या खणून नेला. १७११ च्या वादळात उरलासुरला खडक कोसळला. दोन्ही बाजूंना जोडणारी गोट्यांची चिंचोळी पट्टी तेवढी राहिली होती. १७२० सालच्या अखेरच्या रात्री समुद्रानं तीही तोडली. तेव्हापासून एका बेटाची दोन बेटं झाली. ढालीवर मात्र पांढरा पट्टा तांबड्याला अजून चिकटून आहे.

राजवटीही बदलल्या. १८०७ पर्यंत डेन्मार्क, मग ब्रिटन, आणि १८९० च्या करारानं जर्मनी. ब्रिटिशांच्या काळातल्या टपाल तिकिटांवर राणी व्हिक्टोरियाचा चेहरा होता, पण रंग होते हिरवा आणि तांबडा.

तांबड्याची पाळी आली ती दुसऱ्या महायुद्धात. १८ एप्रिल १९४५ रोजी शेकडो विमानांनी बेटावर बाँब टाकले. लोक खडकातल्या भुयारांत शिरले म्हणून वाचले, पण वर घरं उरली नाहीत. सगळ्यांना बेट सोडावं लागलं. बरोबर दोन वर्षांनी, १८ एप्रिल १९४७ ला, ब्रिटिश नौदलानं तिथला लष्करी तळ उडवून देण्यासाठी सुमारे ६,७०० टन स्फोटकं एकदम पेटवली. बेट टिकलं, पण दक्षिणेचा कडा ढासळला. हिरवं पठार आणि खालचा किनारा यांच्या मध्ये एक नवीच जमीन तयार झाली.

त्यानंतरही बाँबफेकीचा सराव चालूच होता. १९५० च्या डिसेंबरात हायडेलबर्गचे दोन विद्यार्थी त्या निर्मनुष्य बेटावर जाऊन राहिले, आणि बेट परत द्या ही मागणी देशभर गाजली. १ मार्च १९५२ ला ते परत मिळालं. लोक आले, त्यांनी घरं नव्यानं बांधली.

स्फोटातून निघालेल्या त्या मधल्या जमिनीला गावकरी 'मिटेललांट' म्हणतात, मधला मुलूख. ढालीवर तिच्यासाठी पट्टा नाही. गावाचं रुग्णालय मात्र तिथेच आहे.