मागचा शॉकअप : आधी मोजा, मग फिरवा

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस ओसरला की बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या जांबोटी-चोर्ल्याच्या रस्त्यावर डांबर किती उरलंय, ते आधी कमरेला कळतं. मग गॅरेजमध्ये ठरलेली मागणी येते, 'बाइकचा मागचा शॉकअप जरा मऊ करा.' आणि मेकॅनिक शॉकअपच्या स्प्रिंगला दाबून धरणारी खाचांची रिंग सैल करून देतो.

पण त्या रिंगेनं स्प्रिंग मऊ होत नाही, ती तीच राहते. वजन बसल्यावर गाडीची शेपटी किती खाली जाईल, एवढंच रिंग ठरवते. रिंग सैल आणि मागं बायको, वर तांदळाचं पोतं, म्हणजे शॉकअप अर्धाअधिक आधीच दबलेला. पुढचा खड्डा आला की तो तळाला आपटतो. मऊ करायला गेलात आणि दणके वाढले, असं होतं ते यामुळे.

म्हणून आधी टेप घ्या. गाडी मधल्या स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर पॅनेलवर खूण करा आणि अंतर मोजा. आता गाडी चाकांवर घ्या, नेहमीच्या वजनासह बसा, पाय फूटरेस्टवर, पुढून कुणीतरी हँडल धरू दे. दोनतीनदा उसळी देऊन स्थिर व्हा आणि पुन्हा मोजा. दोन्ही मापांतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या, म्हणजे चाक वरखाली जितकं सरकू शकतं त्याच्या, साधारण तीस टक्के हवा. हालचाल ९० मिलिमीटर असेल, तर २७च्या आसपास. ३५ भरलं तर रिंग एक खाच वर, म्हणजे घट्ट; १८ भरलं तर एक खाच खाली, म्हणजे सैल.

रिंग फिरवायला टूलकिटमधला हुकासारखा वाकडा पाना वापरा. छिन्नी-हातोड्यानं रिंगेचे दात जातात. त्याआधी खाचांतली तांबडी माती ब्रशनं काढा, नाहीतर रिंग अर्ध्यावरच अडकते. दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे खाच एकच हवी. मोनोशॉक, म्हणजे मधे एकच शॉकअप, असेल तर एकेक खाच सरका. पहिल्यावरून शेवटच्या खाचेवर एकदम उडी मारली तर काही मॉडेलांत शॉकअप खराब होतो. शेपटी उचलली की हेडलाइट खाली झुकतो, चेनचा ताणही बदलतो. दोन्ही तपासा.

आता सीट जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबायला हवी. दोनतीन हेलकावे खात असेल, दांडीवर तेल ओघळलं असेल, तर उसळी आवरणारं आतलं तेल काम करेनासं झालं. तिथं रिंग काही करू शकत नाही, शॉकअप बदलायचा, दोन असतील तर जोडीनं. गॅसचा असेल तर उघडायला, भोक पाडायला जाऊ नका, आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

मात्र खर्चापूर्वी टायरची हवा बघा. आणि मागचं चाक धरून आडवं हलवा. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे (स्विंगआर्म) बूश झिजले असतील, तर महागडा शॉकअप लावूनही गाडी मागून डुलणारच.

नवा घेताना दोन्ही टोकांच्या डोळ्यांमधली (बोल्टच्या भोकांमधली) लांबी जुन्याइतकीच घ्या. लांब घेतलात तर साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, चेनही चिमट्याला घासू शकते. शॉकअपच्या बाजूला लटकणाऱ्या गॅसच्या रंगीत डबीला भुलू नका, स्वस्त मालात ती बऱ्याचदा पोकळ असते. बसवताना नट आधी हातानं लावा. गाडी चाकांवर उभी करून मग घट्ट करा, म्हणजे रबरी बूश पिळले जात नाहीत.