तीन क्विंटल दहा किलो

नमस्कार श्रोतेहो. आज सियामंद रहमानविषयी बोलू. इराणमधल्या ओश्नवियेचा हा गडी, जन्म १९८८चा. पाय अधू. खेळ पॅरा पॉवरलिफ्टिंगचा.

या खेळात बेंच प्रेस तेवढी असते, म्हणजे बाकावर उताणं पडून वजनांचा रॉड छातीवरून वर ढकलायचा. जिममध्ये बेंच मारताना पाय जमिनीत रोवलेले असतात, तिथूनही जोर मिळतो. इथे पाय बेंचवरच. म्हणून बेंच २.१ मीटर लांब, ६१ सेंटिमीटर रुंद, आणि पायांवर पट्टे आवळलेले. पट्टा ढिला राहिला की कंबर सरकते, रॉड तिरका जातो. रॉड हातांवर तोलून पंचांच्या इशाऱ्याची वाट बघायची, छातीवर आणायचा, थांबायचं आणि दोन्ही हात सारखे वर. पुन्हा सांगते, छातीवर थांबायचं. उसळी घेतली की लाल दिवा. तिघा पंचांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले तरच वजन धरतात.

आता चला रिओच्या पॅरालिम्पिकला. सप्टेंबर २०१६. खेळाडूच्या वजनाचा गट १०७ किलोवरचा. लंडनला २०१२ साली २८० किलो उचलून रहमानने सुवर्ण घेतलेलंच होतं. इथे पहिली खेप २७०. दिवे पांढरे. रौप्यपदक शेवटी २३५ किलोला गेलं, म्हणजे सुवर्ण याच खेपेला पक्कं झालं होतं. हा माणूस तिथे थांबला नाही. दुसऱ्या खेपेला ३००! पॅरालिम्पिकमध्ये तोवर कुणी तीनशेला पोचलं नव्हतं. तिसरी खेप ३०५. झाल्या तिन्ही खेपा. पण विक्रमासाठी चौथी मागता येते. पदकाला ती धरत नाहीत. रहमानने मागितली, आणि ३१० किलो उचलले. तीन क्विंटल दहा किलो, श्रोतेहो!

सिमेंटच्या सहा गोण्या, वर दहा किलोचा पिठाचा डबा. मार्केट यार्डातला हमाल एक गोणी पाठीवर घेतो तेव्हा त्याच्या मांड्या, कंबर, सगळं कामाला लागतं. रहमानकडे छाती, खांदे आणि दंड. एवढ्या वजनाने रॉड टोकांना झुकतो, आणि तसा झुकलेला रॉड छातीवर निश्चल धरायचा.

१ मार्च २०२० रोजी हृदयविकाराने तो गेला. वय अवघं ३१.

आपल्याकडे जालंधरच्या राजिंदरसिंग रहेलूंनी, पोलिओ झालेल्या या खेळाडूने, अथेन्सला २००४ मध्ये ५६ किलो गटात कांस्य मिळवलं.

आणि हो, प्रोटीन पावडरच्या डब्यांवर पैसे घालवण्याआधी कळण्याची भाकरी आणि उडदाची दाळ रोज पोटभर खा. माझं हे मत पक्कं आहे. दुसरं, जिमवाल्यांनो, भिंतभर आरसे लावता, पण दारातल्या पायरीचं काय? सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार पुरतो. भुसावळ असो की शहादा, व्हीलचेअर आत आली तरच मुलगा बेंचपर्यंत पोचेल.

सुरुवात २० किलोच्या रिकाम्या रॉडने करा. रॉडच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा हवा, पहिल्या दिवसापासून. आणि छातीवर थांबा.