नेलेला माणूस परत येतो का?

साने गुरुजी मार्गावरील कस्तुरबा रुग्णालय मुंबईत साथीच्या रोगांचे रुग्णालय म्हणून ओळखले जाते. मार्च 2020 मध्ये शहरातील पहिले कोविड रुग्ण येथेच दाखल झाले. हा रस्ता जेव्हा आर्थर रोड म्हणून ओळखला जात होता, त्या काळात, ऑक्टोबर 1896 मध्ये, गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने याच रुग्णालयावर हल्ला केला होता.

त्याच्या महिनाभर आधी, मांडवी परिसरात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले होते. पाठोपाठ पालिका आयुक्तांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा आदेश काढला. मात्र कुटुंबे आजार लपवत असल्याने रुग्ण तेथे पोहोचत तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असे, आणि त्यांतील बरेच जण दगावत. चाळीतून पाहणाऱ्यांना एवढेच दिसे, की गाडी येते, माणसाला घेऊन जाते आणि नंतर त्याच्या मृत्यूची बातमी येते. रुग्णालयात माणसांना मुद्दाम मारले जाते, ही अफवा याच अनुभवातून बळावली. तिला अडाणीपणा म्हणून झटकणे सोपे आहे. पण डोळ्यांसमोर जे घडत होते, त्याचा लोकांनी लावलेला तो अर्थ होता, आणि दुसरा अर्थ त्यांना पटेल अशा भाषेत कोणी सांगितलेला नव्हता. हल्ल्यानंतर आदेश सौम्य करण्यात आला, तरी लाखो लोक शहर सोडून गेले आणि अनेकांबरोबर प्लेगही गावोगावी गेला.

फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला आणि मार्चमध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घरझडत्या सुरू झाल्या. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली, गोळीबार झाला आणि माणसे मेली. याच काळात वेगळ्या वाटेने जाणारे प्रयत्नही झाले, याची नोंद घ्यायला हवी: जीवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी आपली प्लेगवरील लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, इस्माइली खोजांचे धर्मप्रमुख आगाखान यांनी ती आपल्या अनुयायांसमोर घेतली, आणि निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेग रुग्णालये चालवण्याची मुभा मिळाली, जेथे रुग्णाजवळ ओळखीचे माणूस थांबू शकत होते.

13 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रात लागू करण्यात आला, तो हाच 1897 चा कायदा. 1 एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण आढळला. अडीच चौरस किलोमीटरांहूनही कमी जागेत लाखो लोक राहतात, एकेका खोलीत अख्खे कुटुंब असते आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालयावर अवलंबून राहावे लागते. तेथे ‘घरीच राहा, अंतर ठेवा’ हा आदेश पाळण्याची इच्छा असूनही तो पाळता येत नव्हता. पत्रे ठोकून गल्ल्या बंद करता आल्या, पण ताप आलेल्याने तो आपणहून सांगावा, हे पत्र्यांनी साधणारे नव्हते. आजार सांगितला तर आपल्याला उचलून नेतील, रोजगार जाईल आणि शेजारी बोलणे टाकतील, ही भीती 1896 इतकीच खरी होती.

धारावी ज्यात येते त्या पालिकेच्या जी उत्तर विभागाने जे केले, त्यातील सर्वांत मोलाचा भाग मला फार साधा वाटतो. वस्तीतील खासगी डॉक्टरांना तपासणीच्या कामात सोबत घेण्यात आले आणि त्यांना दवाखाने पुन्हा उघडण्यास सांगण्यात आले, कारण लोक ताप आल्यावर प्रथम त्यांच्याकडेच जात. विलगीकरणासाठी क्रीडासंकुल, शाळा आणि सभागृहे घेण्यात आली. तेथे जेवण मिळत होते, डॉक्टर होते, आणि रमजानमध्ये सेहरी व इफ्तारीचीही सोय करण्यात आली. काही दिवसांनी माणूस बरा होऊन गल्लीत परत आला, की पुढच्या घरी तपासणीसाठी गेलेल्या आरोग्यसेविकेचे अर्धे काम झालेले असे. 25 डिसेंबर 2020 रोजी धारावीत एकही नवा रुग्ण नोंदला गेला नाही.

या यशाची कहाणी मात्र जपून सांगावी लागते. जुलै 2020 मधील मुंबईच्या तीन विभागांच्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील सुमारे 57 टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे (अँटीबॉडी), म्हणजे संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा, आढळली. धारावी त्या विभागांत नव्हती. तरीही संसर्ग दाट वस्त्यांत किती खोलवर पसरून गेला होता, हे त्यातून उघड झाले. शिवाय याच शहरात 14 एप्रिल 2020 रोजी टाळेबंदी वाढल्यावर वांद्रे स्थानकाबाहेर घरी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची गर्दी जमली आणि पोलिसांनी लाठीमार केला. त्या लोकांनी नियम मोडला, हे खरे. पण मजुरी आणि घरभाडे यांचे काय होणार, याचे उत्तर नियमाने त्यांना दिले नव्हते.

2022 च्या अखेरीस गोवंडी आणि परिसरात गोवराची साथ आली. कोविडच्या काळात मुलांचे नेहमीचे लसीकरण मागे पडले होते, आणि लस नाकारणारी घरेही होती. आरोग्यसेविकांना पुन्हा दारोदार फिरावे लागले, तेथील धर्मगुरूंची मदत घ्यावी लागली, आणि धारावीत मिळालेला विश्वास काही किलोमीटरांवरच्या गोवंडीत नव्याने मिळवावा लागला.