डायनिंग हॉलमधला पोरगा आणि मैदानातला पोरगा

नमस्कार मंडळी. आजचा विषय अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा आहे, पण सुरुवात मी माझ्या मामेभावापासून करणार. आमचा दादा मिडवेस्टमधल्या एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत एमएस करायला गेला आणि आपली बहुतेक पोरं करतात तसं त्यानेही पहिल्याच सेमिस्टरला डायनिंग हॉलमध्ये काम धरलं, आठवड्याला वीस तास, एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर तेवढंच करता येतं. सकाळी सहाची शिफ्ट. बाहेर अंधार, थंडी, आणि हॉलमध्ये दुसरं कुणीच नाही, फक्त फुटबॉलची पोरं. जिममधून थेट आलेली, केस ओले, घोट्याला पांढऱ्या टेपचे थरावर थर, दोन बोटं एकमेकांना बांधलेली, आणि ताटात सहा-सहा आठ-आठ अंडी. दादा वाढायचा, ती पोरं 'थँक्यू सर' म्हणायची, त्याला फार अवघडल्यासारखं व्हायचं.

एकदा ओव्हनमधून ट्रे काढताना दादाचा हात भाजला, मनगटापासून वर चांगला वीतभर. सुपरवायझरने लगेच एक फॉर्म भरून घेतला, दवाखान्यात पाठवलं, आणि बिल कामगार विम्यातून गेलं, दादाला एक डॉलरसुद्धा भरावा लागला नाही. तो कर्मचारी होता ना, तासाप्रमाणे पगार घेणारा.

आणि समोर ताट घेऊन उभा असलेला तो सव्वासहा फुटी पोरगा, ज्याचा खेळ बघायला दर शनिवारी अख्खं शहर लोटतं, तो कर्मचारी नव्हता. आजही नाही. आज त्याला पैसे मिळतात, काहींना तर डोळे पांढरे होतील एवढे मिळतात, तरी कायद्याच्या कागदावर तो कामगार नाही. हे असं कसं झालं ते मला तुम्हाला सांगायचंय.

आधी पसारा किती मोठा आहे ते बघू. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून अंगावर जाण्याचा. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे, म्हणजे आपली तीन वानखेडे एकात बसतील, आणि हे ॲन आर्बर नावाच्या एका कॉलेजच्या गावात. लोक सकाळपासून गाड्या लावून पार्किंगमध्येच शेगड्या मांडतात, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच रंगाचे कपडे घालून. पंढरीच्या वाटेवर जसं कुणाला कुणाची ओळख विचारावी लागत नाही तसं काहीसं, ते प्रेम खोटं नाही हे मी आधीच सांगतो. पण त्याच्यावर जो पैसा उभा राहिलाय तो बघा. जॉर्जिया युनिव्हर्सिटीचे कोच कर्बी स्मार्ट यांचा २०२४ चा करार वर्षाला १.३ कोटी डॉलरचा, म्हणजे आपले शंभर कोटींच्या वर. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशर या कोचला काढलं आणि करार मोडल्याबद्दल त्यांना साडेसात कोटी डॉलरपेक्षा जास्त देणं लागलं, सहाशे कोटींच्या वर रुपये, तेसुद्धा काम न करण्यासाठी. सिझनच्या शेवटी जी प्लेऑफ स्पर्धा होते तिचे टीव्ही हक्क ईएसपीएनने २०२६ पासूनच्या सहा वर्षांसाठी ७.८ अब्ज डॉलरला घेतलेत.

आता मागे जाऊ, १९५५ मध्ये. कोलोरॅडो राज्यात फोर्ट लुईस नावाचं छोटं कॉलेज होतं, तिथे रे डेनिसन नावाचा खेळाडू मॅचमध्ये डोक्याला मार लागून गेला. मागे बायको आणि लहान मुलं. बायकोने नुकसानभरपाईचा दावा केला, म्हणणं साधं होतं, नवरा कॉलेजसाठी खेळत होता, खेळायचा म्हणूनच कॉलेजने त्याची सोय लावली होती, म्हणजे तो कामावर असतानाच मेला. केस राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९५७ मध्ये कोर्टाने सांगितलं की कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, त्यामुळे भरपाई नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून पाणी प्यायला गेलो. कॉलेज फुटबॉलच्या धंद्यात नाही.

आणि याच काळात एनसीएएने, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संघटनेने, एक शब्द रुजवला, 'स्टुडंट-ॲथलीट'. ऐकायला किती छान वाटतो. पण त्या वेळी संघटना ज्यांच्या हातात होती त्या वॉल्टर बायर्स यांनी स्वतःच पुढे निवृत्तीनंतर लिहून ठेवलंय की खेळाडूला कर्मचारी म्हटलं जाईल या भीतीपोटी हा शब्द पुढे आणला. आधी विद्यार्थी, मग खेळाडू, कामगार कधीच नाही. टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा केंट वॉल्ड्रेप १९७४ मध्ये मॅचमध्ये मान मोडून जन्माचा अधू झाला, त्यानेही पुढे कामगार म्हणून भरपाई मागितली, वर्षानुवर्षं कोर्टात गेली, २००० साली त्यालाही नाहीच म्हणून सांगितलं.

मग त्या बदल्यात पोरांना काय मिळायचं? स्कॉलरशिप. फी, खोली, जेवण, पुस्तकं. आणि ती स्कॉलरशिपसुद्धा १९७३ पासून पुढची जवळजवळ चाळीस वर्षं एकेका वर्षाचीच असायची, दरवर्षी नव्याने, आता कॉलेजं जास्त वर्षांची देऊ शकतात. दादा सांगतो, एक पोरगा गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर कुबड्या घेऊन यायचा, दोन्ही हात कुबड्यांत असल्यामुळे ताट धरता यायचं नाही, मग दादाच त्याचं ताट टेबलापर्यंत नेऊन द्यायचा. मोठा हसरा पोरगा, इंडियन जेवणाबद्दल विचारायचा. पुढच्या ऑगस्टला टीम परत आली तेव्हा तो नव्हता, कुठे गेला ते दादाला कुणी सांगितलं नाही आणि विचारावं तर कुणाला, हेही त्याला कळलं नाही.

नियम किती बारीक होते त्याचं एकच उदाहरण देतो. खेळाडूला जेवणाव्यतिरिक्त कॉलेजने काय खायला द्यायचं याचाही नियम होता. फळं चालतील, दाणे चालतील, बेगल चालेल, बेगल म्हणजे तो भोक असलेला गोल पाव, पण त्याच्यावर क्रीम चीज किंवा पीनट बटर लावलं तर ते नियमात बसत नव्हतं. एकोणीस-वीस वर्षांची, शंभर-शंभर किलोची, पहाटेपासून घाम गाळणारी पोरं, आणि त्यांच्या पावावर काय लावायचं यावर मोठी माणसं मिटिंगा घेत होती. २०१३ च्या आसपास तो नियम गेला, २०१४ मध्ये पोटभर खायला द्यायची परवानगी मिळाली.

आणि २०१० मधली ए. जे. ग्रीनची गोष्ट. जॉर्जियाचा रिसीव्हर, म्हणजे लांब फेकलेला चेंडू झेलणारा, त्याने स्वतःची घातलेली जर्सी हजार डॉलरला विकली म्हणून त्याला चार मॅच बाहेर बसवलं. त्याच दिवसांत युनिव्हर्सिटीच्या दुकानात त्याच्याच आठ नंबरच्या जर्स्या विकायला लावलेल्या होत्या, वेगवेगळ्या रंगांत. मला राग येतो तो या जर्सीचा, कोचच्या शंभर कोटींपेक्षाही जास्त.

बदल झाला तो कोर्टामुळे. यूसीएलए म्हणजे लॉस एंजेलिसच्या सरकारी युनिव्हर्सिटीचा जुना बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याला एका व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब आपल्यासारखा खेळाडू दिसला, पैसा मात्र एक नाही, म्हणून त्याने २००९ मध्ये केस टाकली आणि तिथून धागा सुटायला लागला. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल खेळाडूंनी युनियन करायचा प्रयत्न केला, युनियनची प्रकरणं बघणाऱ्या सरकारी कामगार बोर्डाच्या तिथल्या अधिकाऱ्याने हिशोब मांडला की सिझनमध्ये ही पोरं आठवड्याला चाळीस ते पन्नास तास फुटबॉललाच देतात आणि म्हणून ते कर्मचारीच आहेत, पण पुढच्या वर्षी वरच्या बोर्डाने या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं. २०१९ ला कॅलिफोर्नियाने खेळाडूंना स्वतःच्या नावा-चेहऱ्यावर पैसे कमवू देणारा कायदा केला. आणि २१ जून २०२१ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आल्स्टन केसमध्ये ९ विरुद्ध ० ने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. केस तशी शिक्षणाशी संबंधित फायद्यांपुरतीच होती, पण जस्टिस कॅव्हनॉ यांनी वेगळं लिहिलं की एनसीएए काही कायद्याच्या वर नाही. दहा दिवसांत, १ जुलैपासून, एनआयएल सुरू झालं.

एनआयएल म्हणजे नेम, इमेज, लाइकनेस. आपलं नाव, आपला चेहरा वापरून जाहिरात करायची मुभा. सुरुवात फार गोड होती, नेब्रास्काला एका खेळाडूचं नावच डिकोल्डेस्ट क्रॉफर्ड, म्हणजे 'सगळ्यात थंड' असं काहीसं, त्याला गावातल्या एसी दुरुस्तीवाल्या कंपनीने जाहिरातीला घेतलं. टेक्ससचा बिजान रॉबिन्सन, त्याची मोहरीची चटणी निघाली, 'बिजान मस्टर्डसन' नावाने. ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीत तर एका प्रोटीन बार कंपनीने स्कॉलरशिप नसलेल्या खेळाडूंची वर्षाची फी भरेल एवढे पैसे दिले, त्या घोषणेचा व्हिडिओ बघा, पोरं एकमेकांच्या गळ्यात पडतायत.

पण पैशाला वाट मिळाली की तो तिथे थांबतो होय? श्रीमंत चाहत्यांनी एकत्र येऊन फंड काढले, त्यांना कलेक्टिव्ह म्हणतात, आणि जाहिरात नावालाच राहिली, सरळ खेळण्याचे पैसे सुरू झाले. त्यात ट्रान्सफरचे नियमही सैल झाले, आता पोरगा दरवर्षी कॉलेज बदलू शकतो. टेनेसी युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून टीमचा खेळ चालवणारा, निको इयामालियावा, शाळेत असतानाच त्याचा करार जवळपास ऐंशी लाख डॉलरचा असल्याच्या बातम्या आल्या, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पैशावरून बिनसलं तर तो टीम सोडून यूसीएलएला गेला. लोकांनी त्याला लोभी म्हटलं. मला ते पटत नाही. कोच अर्ध्यात कॉलेज सोडून दुसरीकडे जातात तेव्हा आपण त्याला करिअर म्हणतो ना. उलट बाजू बघा, जेडन रशाडा या दुसऱ्या क्वार्टरबॅकला १.३८५ कोटी डॉलर कबूल केले होते असा त्याचा दावा आहे, ते मिळाले नाहीत म्हणून तो कोर्टात गेला. सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या हातात चाळीस पानी करार, बाजूला एजंट, आणि घरात असा कागद आधी कुणी बघितलेला नाही.

मग आली हाऊस केस. ग्रँट हाऊस हा पोहणारा, फुटबॉलवाला नव्हेच. ६ जून २०२५ ला जज क्लॉडिया विल्केन यांनी या केसची तडजोड मंजूर केली. आधी नाव-चेहऱ्याचे पैसे न मिळालेल्या जुन्या खेळाडूंना साधारण २.८ अब्ज डॉलर, दहा वर्षांत मिळून, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजला स्वतःच्या खिशातून खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला २.०५ कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे पावणेदोनशे कोटी रुपये. वाटणी कशी? बहुतेक ठिकाणी ढोबळ हिशोब असा की पाऊण हिस्सा फुटबॉलला, मग पुरुषांचं बास्केटबॉल, आणि उरलेल्यात बाकी सगळे. जुनी थकबाकीही अशीच वाटायची ठरल्यावर मुली खेळाडूंनी त्याच महिन्यात अपील केलं, आणि माझ्या मते बरोबर केलं.

एक गोष्ट ज्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं ती म्हणजे वॉक-ऑन पोरं. स्कॉलरशिप नाही, नाव नाही, प्रॅक्टिसला रोज मार खायचा, चार वर्षांत कधीतरी शेवटचे दोन मिनिटं मैदानात. या तडजोडीत फुटबॉलची टीम १०५ जणांची ठरली, त्याआधी कुठेकुठे सव्वाशेच्या वर असायचे. निकाल लागायच्या आधीच कॉलेजांनी पोरांना बोलावून सांगायला सुरुवात केली की तुझी जागा नाही. जज विल्केन यांनी त्यासाठी मंजुरी अडवून धरली, शेवटी काढलेल्यांना मर्यादेबाहेर परत घेता येईल अशी सोय झाली, पण घ्यायलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

आपल्याकडून टेनिस, स्क्वॉश, गोल्फसाठी जी मुलंमुली तिकडे जातात त्यांच्यासाठीही एक गोष्ट, एफ-१ व्हिसावर हे एनआयएलचे पैसे घेणं म्हणजे व्हिसाच धोक्यात. एकाच टीममधली अमेरिकन मुलगी जाहिरात करते, बाजूची परदेशी मुलगी करू शकत नाही.

आणि हे सगळं झाल्यावरही तो प्रश्न तिथेच आहे, जो डेनिसनच्या बायकोने विचारला होता. आज कॉलेज खेळाडूशी जो करार करतं तो नाव-चेहरा वापरण्याचा असतो, खेळण्याचा नाही, मुद्दाम. दुखापतीचा उपचार कॉलेज करतं, ऑगस्ट २०२४ पासून तर कॉलेज सोडल्यावरही दोन वर्षं करावा लागतो, ही खरंच चांगली गोष्ट आहे. पण गुडघा कायमचा गेला, मान गेली, पुढे कमावता आलं नाही, तर कामगाराला मिळते ती भरपाई नाही.

व्हिलानोवाचा माजी फुटबॉलपटू ट्रे जॉन्सन आणि त्याच्यासोबतचे खेळाडू, खेळाडू कर्मचारी आहे की नाही, हाच प्रश्न घेऊन कोर्टात गेलेत. त्यांचं म्हणणं असं की त्याच मॅचला जे विद्यार्थी गेटवर तिकीट तपासतात, स्टॉलवर खाणं विकतात, त्यांना तासाचा पगार मिळतो, मग मैदानात उतरणाऱ्याला का नाही. जुलै २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने सांगितलं की खेळाडू हौशी आहे एवढ्यावरून तो कर्मचारी नाही असं म्हणता येणार नाही, आणि केस परत खाली पाठवली.

मी हे दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो आता शिकागोला नोकरी करतो. थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, अरे, त्या कुबड्यावाल्या पोराचं नाव मी विचारायलाच पाहिजे होतं.