मामांचे तळहात

नमस्कार श्रोतेहो.

आज ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचा तो कागदी ध्वज शाळेत असताना तुम्हीही टाचणीनं छातीला लावला असेल. भूदल, नौदल आणि हवाई दलाचे हे रंग. १९४९ सालापासून या दिवशी देशभर निधी गोळा होतो. तो जखमी जवानांच्या पुनर्वसनासाठी, शहिदांच्या कुटुंबांसाठी, माजी सैनिकांसाठी आणि सेवेतल्या जवानांच्या घरच्यांसाठी वापरला जातो. आज मी यातल्या जखमी जवानांबद्दल बोलणार आहे, कारण माझे मामा त्यांच्यातले एक होते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. आमच्याकडे घरटी एखादा तरी मिलिटरीत असतोच. माझे मामा १९८३ साली ईशान्येकडच्या डोंगरात जखमी झाले, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. लढाई नव्हती. पावसानं रस्ता खचला आणि रसद घेऊन जाणारा ट्रक दरीत गेला. मणका मोडला, कमरेखालची संवेदना गेली. लष्कराच्या कागदावर लढाईतली जखम आणि अपघात यांची नोंद वेगवेगळी होते. गावातही लोक विचारायचे, "कुठल्या लढाईत?" मामा खरं ते सांगायचे आणि विचारणारा जरा गप्प व्हायचा. ती शांतता मला लहानपणी फार लागायची. ऐन पावसात त्या रस्त्यानं ट्रक का निघाला होता? वरच्या चौकीवरच्या पोरांचं रेशन संपत आलं होतं म्हणून.

मामा पुढं बरीच वर्षं पुण्याजवळ खडकीला होते. तिथल्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये मणक्याच्या दुखापतींसाठी वेगळा विभाग आहे आणि १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाय, काहींचे हातही निकामी झालेले जवान तिथं राहतात, हुन्नर शिकतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. दोन्ही हात चालत नाहीत असे काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. आम्ही दिवाळीत एसटीनं स्वारगेटला उतरायचो आणि सिटी बसनं खडकी गाठायचो. आईच्या पिशवीत बेसनाचे लाडू असायचे आणि वाटेत ती मला बजावायची, "मामांना पाय दुखतात का म्हणून विचारायचं नाही."

मी विचारलं नाही, पण एक गोष्ट पाहिली. मामा गप्पा मारता मारता मध्येच दोन्ही तळहात खुर्चीच्या कडांवर रोवायचे आणि सगळं अंग वर उचलून धरायचे. थोड्या वेळानं खाली बसायचे, गप्पा पुढं चालू. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मला वाटायचं, फौजी आहेत, व्यायाम करतायत. मीही शेजारच्या बाकावर त्यांची नक्कल करायचे.

कारण कळायला बरीच वर्षं गेली. आपण बसल्याजागी नकळत हलतो, कूस बदलतो, कारण अंग दुखतं. ज्याला दुखतच नाही, त्याचं शरीर त्याला सावध करत नाही. एकाच जागी भार राहिला की तिथलं रक्त थांबतं, कातडी मरते आणि हाडापर्यंत जखम जाते. या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गानं माणूस दगावतो. म्हणून दिवसा घड्याळ बघून अंग उचलायचं आणि रात्री दर दोन तासांनी कुणीतरी कूस बदलून द्यायची. मामा गावी राहायला आले तेव्हा हे काम मामींकडं आलं. उशाशी गजराचं घड्याळ ठेवून त्या झोपायच्या. बारा, दोन, चार. अशी एकवीस वर्षं. त्यांच्या नावाचं पदक कुठंच नाही, म्हणून ही वेळापत्रकाची ओळ मी आज रेडिओवर मुद्दाम वाचून दाखवली.

मामांना एका माणसाचं फार कौतुक होतं, मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, ईएमईमधले, म्हणजे लष्कराची यंत्रं आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलातले जवान आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, पाय निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक आणलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. मधली वर्षं तुम्हीच मोजा. मामा म्हणायचे, "पाण्यात खुर्ची लागत न्हाई बघ."

पुणे आणि जखमी जवान हे नातं जुनं आहे. पहिल्या महायुद्धात अपंग होऊन परतलेल्या हिंदी शिपायांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, ती पुढं खडकीला आली. अपंग जवानांना तिथं आजही पोटापाण्याचं शिक्षण मिळतं. कृत्रिम हात-पाय बनवणारं लष्कराचं केंद्र १९४४ पासून पुण्यात आहे.

लष्करानं मामांना सांभाळलं, हे मी मनापासून सांगते. अडलं ते गावी आल्यावर. पेन्शन चालू राहण्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तालुक्याच्या बँकेला सात पायऱ्या होत्या. चार जणांनी खुर्चीसकट मामांना उचलायचं, आत जाऊन ते जिवंत आहेत हे दाखवायचं, सही करायची आणि पुन्हा उचलून खाली आणायचं. ज्यानं पंधरा-पंधरा मिनिटांनी स्वतःला स्वतःच्या हातांवर उचललं, त्याला तिथं लोकांच्या खांद्यावर जावं लागे. मामा रागावले नाहीत. फक्त उचलताना डोळे मिटून घ्यायचे. हयातीचा दाखला आता मोबाइलवरूनही देता येतो, पण ग्रामपंचायत, दवाखाना, मतदान केंद्र, लग्नाचं कार्यालय? आपापल्या गावातल्या पायऱ्या एकदा मोजून बघा, आणि पायऱ्यांशेजारी उतार नसेल तर ग्रामसभेत उठून मागा.

ध्वजदिनाचा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येतो. तिथं गेलात तर आणखी एक विचारा: आपल्या तालुक्यात असा कुणी जवान राहतो का? त्याच्याकडं जाऊन बसा. त्यानं बोलता बोलता अंग उचललं तर थांबू नका, गप्पा चालू ठेवा.

मामा जाऊन नऊ वर्षं झाली. त्या बँकेला आता उतार आहे, लोखंडी कठडाही आहे. गेल्या महिन्यात मामी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी स्वतःचा दाखला द्यायला गेल्या. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. मी हात पुढं केला, तर म्हणाल्या, "राहू दे," आणि कठड्याला धरून एकेक पाऊल टाकत वर गेल्या. वर पोचल्यावर थांबल्या आणि उताराकडं बराच वेळ बघत राहिल्या.

नमस्कार.